चेंडू आधी मनात घालायचा

नवरा खुर्चीत बसायला गेला आणि धाडदिशी जमिनीवर आपटला, कारण खुर्ची तिथं नव्हतीच. मास्तरीणबाईंनी ती सकाळीच उचलून खिडकीपाशी नेली होती, शिवणयंत्राला उजेड हवा म्हणून. आता खुर्ची म्हणजे काही टाचणी नव्हे, की दिसली नाही म्हणावं! चांगली हातांची, उंच पाठीची लाकडी खुर्ची, चार पावलांवर भर उजेडात उभी होती. शेंबडं पोरसुद्धा बघून बसलं असतं.

मास्तरीणबाई आधी खो खो हसल्या. "अहो, भरदुपारी हे काय? घेऊन आलात की काय थोडी?"

नवरा हसला नाही. बसल्या जागी मागं हात फिरवत तो म्हणाला, "खुर्ची कुठं गेली?"

"ही काय समोर! डोळे आहेत का बटणं?"

त्यानं समोर पाहिलं, मग मान हळूच एका अंगाला वळवली. कोंबडी दाण्याकडं बघताना वळवते ना, तशी. बाईंच्या हातातलं कापड खाली पडलं ते त्यांनी उचललंही नाही.

या नवऱ्याला सगळे खड्डेमास्तर म्हणत, म्हणून त्या मास्तरीणबाई. तो गोल्फच्या मैदानावर कामाला होता. तिथं अठरा जागी गवत असं कापलेलं असतं की त्यावर अनवाणी चालायचीसुद्धा लाज वाटावी. त्याला म्हणायचं ग्रीन. प्रत्येक ग्रीनवर एक होल, आपला तळवा मावेल एवढा. चेंडू शेवटी काठीनं अलगद ढकलून त्यात घालायचा. हा होल रोज एकाच जागी ठेवला तर भोवतीचं गवत मरतं, म्हणून रोज पहाटे तो हलवायचा. लोखंडी नळकांडं जमिनीत दाबून फिरवायचं, मातीगवताची वडी अख्खी वर काढायची, ती कालच्या होलात बसवून पायानं दाबायची. झाला जुना होल बंद, नवा उघडा. एकोणतीस वर्षं मास्तर हेच करत होता. "लोक आयुष्यात काहीतरी उभं करतात," मास्तरीणबाई म्हणायच्या, "आमचे हे रोज अठरा खड्डे पाडतात आणि अठरा बुजवतात. जमाखर्च शून्य." हा विनोद एकोणतीस वर्षं चालला होता आणि मास्तर दर वेळी हसत आला होता.

त्या दुपारी मात्र तो जमिनीवरच बसून राहिला. बाई समोर येऊन उकिडव्या बसल्या.

"खरं सांगा. माझ्या गळ्याशपथ."

"मधोमध काही नाही," तो म्हणाला. "कडेकडेनं दिसतं. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसलं जातं."

"म्हणजे मी?"

"तू सारखी बोलत असतेस ना. त्यामुळं कुठं आहेस ते कळतं."

मेल्याला अशा वेळीसुद्धा थट्टा सुचत होती! बाईंनी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, दोन वर्षं होऊन गेली. दोन वर्षं! एका घरात, एका ताटाशी, एका अंथरुणात, आणि बाईंना पत्ता नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक आठवण चपराक मारून गेली. कपाला आधी बोट लावून मगच उचलायचा. "वस्तू जागच्या जागी ठेवत जा" म्हणून कटकट करायचा, आणि त्या म्हणायच्या, म्हातारपण आलं हो तुम्हाला. आणि सुई! रोज संध्याकाळी कामावरून आला की तोच त्यांना पाच-सहा सुया ओवून द्यायचा, कारण चाळिशीनंतर बाईंना सुईचं नाक दिसेनासं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी त्यानं त्यांना सुई ओवायची पत्र्याची चकती आणून दिली. किती कौतुक केलं होतं त्यांनी तिचं! अख्ख्या शेजारात दाखवून आल्या होत्या, लग्नानंतर पहिल्यांदा न मागता काही आणलं म्हणून. ते कौतुकाचं नव्हतं तर. ते लपवायचं होतं.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चला," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की माझं ग्रीन गेलं. नोकरीची दोन वर्षं राहिलीत. तेवढी होऊ दे."

"आणि तोवर डोळे?"

मास्तरनं खुर्चीच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना बघितलंयस ना तू?"

बघितलं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे आंधळे होते आणि याच खुर्चीत बसून असायचे. नऊ वर्षं. कुणी आणून दिलं तर जेवायचे, कुणी उठवलं तर उठायचे. शेवटी शेवटी तर घरात माणूस आहे हेच लोक विसरायला लागले होते. मास्तरला भीती होती ती डोळ्यांची नव्हतीच. त्या खुर्चीची होती. होल पाडायला जाता येतंय तोवर तो माणूस होता, नाहीतर खुर्चीतलं गाठोडं. हे त्यानं असं सांगितलं नाही, पण बाईंना कळलं. शेवटी ठरलं ते असं, की चार दिवसांवर कामगारांचा खेळाचा दिवस आलाय तो होऊ द्यायचा, मग डॉक्टर. तोवर तोंडाला कुलूप.

हा दिवस वर्षातून एकदा. त्या दिवशी मैदान सभासदांना बंद, गवत कापणारे, पाणी मारणारे, फाटकावरचे, सगळे खेळणार आणि बायकापोरं बघायला येणार. शेवटी अठराव्या ग्रीनवर पैज. प्रत्येकानं बारा पावलांवरून एकच चेंडू मारायचा, ज्याचा होलात किंवा होलाच्या सर्वांत जवळ, तो जिंकला. ज्यानं त्या दिवशी होल पाडला असेल त्यानं शेवटी मारायचं, अशी रीत. अकरा वर्षं सलग मास्तर जिंकत होता. न जाऊन चालणारच नव्हतं. गेला नसता तर पहिली शंका तिथंच आली असती.

खेळाच्या दिवशी पहाटे मास्तरीणबाई हट्टानं त्याच्याबरोबर गेल्या. म्हटलं बघू तरी, हा बाबा न बघता करतो काय! आणि जे बघितलं त्यानं त्यांची बोटं तोंडात गेली. मास्तर ग्रीनच्या कडेला चप्पल काढायचा, अनवाणी पावलं मोजत जायचा आणि कालच्या होलापाशी असा थांबायचा की जणू कुणी हाक मारलीय. तिथून मोजून नऊ पावलं, मग डावीकडं चार. पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपायची, उतार कुठं आहे ते तळव्यानं ओळखायचं. मग उकिडवा बसून डोळे मिटायचा.

"झोपलात का?"

"गप. चेंडू घालतोय."

"कुठला चेंडू?"

"मनातला. या बाजूनं मारला तर कसा येईल, त्या बाजूनं मारला तर कुठं वळेल. चारही बाजूंनी एकेक घालायचा. चारही आत पडले तर जागा बरोबर." तो मिटल्या डोळ्यांनीच हसला. "आणि हे मी पहिल्यापासून मिटूनच करतो हं. डोळे चांगले होते तेव्हाही."

मोठमोठे सभासद पटिंग, म्हणजे ग्रीनवरचा तो शेवटचा अलगद फटका, सुधारायला कोचला सोडून या खड्डेमास्तरकडं यायचे, हे बाईंनी ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं. तो त्यांना एवढंच सांगायचा: होलाकडं नीट बघा, डोळे मिटा, चेंडू निघाल्यापासून पडेपर्यंत सगळा बघा. शेवटचं हातभर अंतर तो सावकाश जाईल, मग टक् असा आवाज येईल. तो आवाज ऐकू आल्याशिवाय काठी हलवायची नाही. "हाताला शिकवायचं नसतं, हाताला दाखवायचं असतं," असं त्याचं म्हणणं. मनात न पडलेला चेंडू होलात पडला तर तो नशिबानं पडला, असंही म्हणायचा.

सूर्य वर येईपर्यंत अठरा होल झाले. एकही वाकडा नाही, कड एकाचीही फाटलेली नाही. बाईंना रडावं की टाळ्या वाजवाव्यात कळेना. अठराव्या ग्रीनवर त्यांनी त्याचा हात धरला. "दुपारी मी तुमच्या शेजारीच उभी राहते. काही बदललं तर हळूच सांगेन."

"काय बदलणार आहे? होल माझा मी पाडलाय."

आणि बदललं! सकाळभर सगळ्यांनी अठराव्यावर येऊन सराव केला. होलाभोवती तुडवून तुडवून गवत पार बसलं. मॅनेजरसाहेब नवे, हौशी. त्यांनी गवत कापायच्या गाडीवाल्याला सांगितलं, "पैजेआधी होल तिकडच्या अंगाला घे." गाडीवाल्यानं नळकांडं आणलं, सात पावलं पलीकडं होल पाडला, जुना बुजवला. बुजवला तोही असा सफाईनं, की गवताची एक गोल चकती तेवढी किंचित गडद दिसत होती. मास्तर तेव्हा शेडमध्ये आपली काठी पुसत होता. त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? ज्याला डोळे आहेत त्याला होलात रोवलेला झेंडा दिसतोच की!

आणि मास्तरीणबाई? काय सांगावं! मॅनेजरसाहेबांच्या बायकोच्या नव्या झग्याची शिवण कंबरेपाशी उसवली, आणि कुणीतरी म्हणालं, मास्तरीणबाई आहेत ना. नाही तरी कसं म्हणायचं? त्या बाईंना घेऊन त्या झाडाखाली गेल्या, तोंडात पाच-सहा टाचण्या धरल्या आणि कामाला लागल्या. दोन मिनिटांचं काम, म्हटलं लगेच जाते.

टाळ्या ऐकू आल्या म्हणून त्यांनी मान वर केली. मास्तर ग्रीनच्या कडेला उकिडवा बसला होता, डोळे मिटून. लोक चिडीचूप. गाडीवाला झेंडा उपसून हातात धरून उभा होता, आणि तो भलत्याच ठिकाणी उभा होता! बाईंनी ओरडायला तोंड उघडावं तर तोंडात टाचण्या. थू थू करून त्या थुंकेपर्यंत मास्तर उठला होता. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं काठी मागं नेली.

"अहो, थांबा!"

चेंडू निघाला होता.

आणि काय निघाला होता! कुठं घाई नाही, कुठं चुकारपणा नाही. उतारावर आला तसा डावीकडं वळला, शेवटच्या हातभरात सावकाश झाला आणि बुजवलेल्या जुन्या होलाच्या त्या गडद चकतीवर, अगदी मधोमध, उभा राहिला. खरा होल सात पावलं पलीकडं आ वासून पडला होता.

कुणी हसलं नाही. कुणाला काय करावं तेच समजेना. मास्तर मान तिरकी करून उभा होता. तो टक् आवाजाची वाट बघत होता. आवाज येत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हळूहळू उतरताना बाईंना दिसला, आणि असं काही बघण्यापेक्षा आपलेच डोळे गेले असते तर बरं, असं त्यांना वाटलं.

पण ती बाई शिवणकाम करणारी होती, फाटलेलं चटकन झाकायची सवय. पुढं होऊन त्या मोठ्यानं हसल्या. "मुद्दाम मारला त्यांनी! होल तिथंच हवा होता, इकडं चुकीचा पाडलाय, हे दाखवलं तुम्हाला. कळलं का?"

आणि लोकांना पटलं की हो! टाळ्यांचा कडकडाट. कुणी म्हणालं, "मास्तर तो मास्तरच!" बाईंनी श्वास सोडला. वाचलो, असं मनात म्हणतात न म्हणतात तोच मॅनेजरसाहेब गाडीवाल्याकडं वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "एवढी वर्षं इथं काम करतोस आणि होल कुठं पाडावा हे कळत नाही? सगळ्यांसमोर शोभा करून घेतलीस. उद्यापासून ग्रीनवर पाय ठेवू नकोस." गाडीवाला बापडा झेंडा धरून उभाच. साहेबांनीच दाखवलेल्या जागी पाडला होता त्यानं. पण साहेबांना हे तोंडावर कोण सांगणार?

तेव्हा मास्तर बोलला. आवाज साधाच होता, पण सगळीकडं पोचला.

"मला कुणीतरी सांगाल का, होल कुठं आहे?"

टाळ्या थांबल्या. बाईंनी डोळ्यांनीच नको नको म्हटलं, पण ते त्याला कुठलं दिसायला!

"त्याला बोलू नका, साहेब. त्याचं काही चुकलेलं नाही. होल हलवलेला मला दिसलाच नाही. दोन वर्षं झाली, मला समोरचं दिसत नाही. ही खोटं बोलली ती माझ्यासाठी."

मॅनेजरसाहेब मास्तरसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं? म्हणजे हे सगळे होल... सभासद मला सांगतात, असे होल कुठल्याच मैदानावर नसतात. ते आंधळ्यानं..."

"आंधळा म्हणायचं काम नाही!" बाई कडाडल्या. मॅनेजरच्या बायकोच्या अर्धवट टाचलेल्या झग्याचा विचार करायला त्यांना वेळ नव्हता. त्या रडत होत्या आणि भांडतही होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण हातात धारेचं नळकांडं, भोवती माणसं, उद्या काही झालं तर जबाब कुणी द्यायचा? त्यांनी मास्तरचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "उद्यापासून नाही, मास्तर." झालं. ज्याला दोन वर्षं भ्याला तेच दोन शब्दांत झालं.

डॉक्टरनं वेगळाच धक्का दिला. गेलं ते परत येणार नाही, म्हणाले, पण राहिलंय ते टिकेल. आणि दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. मास्तरीणबाईंनी चिडावं तरी कुणावर?

मग मास्तर खुर्चीत बसला. खुर्ची बाईंनी आपल्या हातानं जुन्या जागी आणून ठेवली होती. एक आठवडा, दोन, तीन. चहा आणून दिला तर प्यायचा. गाडीवाला दोनदा येऊन गेला. त्याची नोकरी वाचली होती आणि होल पाडायचं काम आता त्याच्याकडं आलं होतं. "मास्तर, सभासद बोंब मारतायत हो. पाचव्यावर कुठं पाडू, तेवढं सांगा. साहेबांनीच विचारायला पाठवलंय."

"तुम्ही डोळस माणसं," मास्तर म्हणायचा. "बघा की."

एकदा तो आत झोपलेला असताना बाईंनी डोळे मिटले आणि दारापासून खुर्चीपर्यंत चालायला गेल्या. आपलंच घर, तीस वर्षांचं. चौथ्या पावलाला कपाटाचा कोपरा कपाळात बसला. त्या तिथंच खाली बसल्या. हा माणूस हे असं चालत होता, दोन वर्षं, वर हसून!

त्याच संध्याकाळी त्यांनी ती पत्र्याची चकती कचऱ्यात टाकली आणि सुई आणि दोरा नवऱ्याच्या हातात दिला.

"ओवून द्या."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बघू नका. आधी मनात घाला."

तो चिडला. सुई टोचली, शिवीही दिली त्यानं. बाई हलल्या नाहीत. मग त्यानं डोळे मिटले. बराच वेळ काहीच केलं नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, चिमटीत असं धरलं की जेमतेम नखाएवढंही बाहेर राहू नये, आणि सुईचं नाक त्यावर आणून टेकवलं. चुकलं. पुन्हा चुकलं. चौथ्यांदाही. पाचव्यांदा त्याची मान तिरकी झाली, ग्रीनवर व्हायची तशी, आणि दोरा पलीकडं आला. त्यानं तो ओढून बघितला. खरंच आला होता. बाईंनी तोंडावर हात दाबून धरला.

"दुसरी दे," मास्तर म्हणाला.

सहा सुया ओवून झाल्यावर त्यानं विचारलं, "पाचव्यावर कुठं पाडलाय म्हणे त्यानं?"

"मला काय माहीत? तुमचे खड्डे तुम्ही जाणा."

सकाळी बाईंना जाग आली तर खुर्ची रिकामी! त्या पळतच दारात आल्या. रस्त्याच्या टोकाला दोघं चालले होते. नळकांडं गाडीवाल्याच्या खांद्यावर, आणि त्याच्या दुसऱ्या खांद्यावर मास्तरचा हात. सकाळच्या शांततेत मास्तरचा आवाज इथवर येत होता. "नऊ पावलं, मग डावीकडं चार. आणि घाई करू नकोस, आधी मला मनात चेंडू घालू दे."

बाई आत आल्या. खुर्ची उचलून पुन्हा खिडकीपाशी नेली, उजेड तिथं चांगला होता. मग ओवलेली एक सुई घेतली आणि तिच्यात बसून शिवायला लागल्या.